जिवाणूवाला

जिवाणू खत विकणारा एक माणूस कसबा बावड्यात आमच्या बांधावर येतो. छत्री बाटल्यांवर धरतो आणि आपण उन्हात उभा राहतो. "जिवंत हाईत की आबा, उन्हानं मरत्यात!" शेजारच्याला गुळाच्या पाण्यात ते कालवून देताना तर पाहुण्याला चहा केल्यासारखी त्याची लगबग. मुळं धरून ते मातीत कसे पसरतात, हे न विचारता सांगतो.

माझी बायको खुरपं लागून धनुर्वातानं गेली. तेव्हापासून मी रानात अनवाणीच फिरतो. मरायचं तर मरू.

परवा त्याला विचारलं, "तिला ज्यानं नेलं, तो जंतू हाय का अजून मातीत?"

त्यानं हातातली बाटली खाली ठेवली. मग म्हणाला, "हाय आबा. उन्हातान्हात वर्षानुवर्षं टिकतोय."

"मग त्याला छत्री लागत न्हाय म्हण की!"

तो हसला नाही. माझ्या पायांकडं बघितलं, गाडीवर बसवलं आणि दवाखान्यात नेऊन मला धनुर्वाताची सुई टोचायला लावली.

नर्सनं विचारलं, "तुम्ही यांचे कोण?"

"जुनं गिऱ्हाईक हाय माझं," म्हणाला.

मी आजवर त्याची एक बाटली घेतलेली नाही.