दस्तीखालचा ओटीपी

लातूरच्या एका डाळ मिलमध्ये माझ्या खुर्चीमागे ‘नेटवर्क व सुरक्षा प्रमुख’ अशी पाटी आहे. प्रमुख मी एकटाच आणि माझ्या हाताखालीही मीच. बायकोला इथल्या शाळेत कायमची नोकरी लागली, म्हणून मी पुण्यातली नोकरी सोडून परत आलो. त्याआधीची काही वर्षं मी घरी फक्त शनिवारी यायचो आणि लेक मला पाहुण्यासारखं पाणी आणून द्यायची. त्यामुळे ही नोकरी मला टिकवायचीच होती. माझ्या कामाची दुसरी जागा लातुरात नव्हती.

मिलचे मालक म्हणजे अप्पा. कपाळावर विभूती, गळ्यात इष्टलिंग आणि आवाज असा की गिरणी चालू असतानाही ऐकू यावा. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, “हे बघ, माझं गिऱ्हाईक आन् माझा भाव बाहेर फुटला, तर आधी तुझं कंप्युटर बाहेर जाईल आन् त्याच्या मागून तू.”

मी त्यांना समजावलं, की निम्मी माहिती ऑफिसातल्या सर्व्हरवर राहील, निम्मी क्लाउडवर, म्हणजे भाड्याच्या गोदामात. देगलूर आणि नायगावची खरेदी केंद्रं दोन्हीला जोडलेली असतील आणि मधल्या रस्त्यावर चौकीला मी.

“गोदामाची किल्ली कुणाकडं?” अप्पांनी विचारलं. इतका मुद्द्याचा प्रश्न मला पुण्यातल्या साहेबांनी कधी विचारला नव्हता.

किल्लीचा कारभार बघून मात्र मी कपाळाला हात लावला. नायगावला पासवर्ड वजनकाट्याशेजारच्या भिंतीवर खडूनं लिहिलेला होता. लातूरला सर्व्हरच्या खोलीत एसी असल्यानं तिथं सगळ्यांच्या ताकाच्या बाटल्या. आणि ओटीपी? तो मोबाईलवर आला की आमचे मुनीम अंगणात येऊन, गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून, अप्पांना ओरडून सांगायचे. एकदा त्यांचा आकडा चुकला, तर चहावाल्यानं दुरुस्त केला, “शेवटी सात न्हाई मुनीमजी, नऊ हाय. तुमीच आत्ता बोलला की.”

मी सगळ्यांना अंगणात जमवून चांगलं झापलं. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, बायकोला नाही, अप्पांना नाही, मला तर नाहीच नाही. शिवाय नवा नियम केला: मुख्य खात्यात नव्या ठिकाणाहून शिरायचं असेल तर दोन ओटीपी लागतील. एक माझ्या मोबाईलवर, दुसरा आणखी एका भरवशाच्या माणसाच्या.

अप्पांनी तो माणूस क्षणात निवडला. देगलूर केंद्राचा कारभार बघणारे, सगळ्यांचेच मामा. “त्याच्या तोंडातनं भाव निघत न्हाई,” अप्पा म्हणाले.

मामा उमेदीत देवणीच्या बाजारात बैलांची दलाली करायचे. तिथं सौदा तोंडानं होत नाही. घेणारा आणि दलाल रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून भाव ठरतो. तोंडानं मात्र पोराबाळांची चौकशी चालू. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. रुमालाला आमच्याकडे दस्ती म्हणतात आणि मामांच्या खांद्यावर ती अजून असते.

“म्हंजे ह्यो ओटीपी दस्तीखालचा हाय,” माझं सगळं समजावणं ऐकून मामा म्हणाले. “मग असं सांगायचं की सायब. उगं तासभर इंग्रजी करायलाव.”

मी हसलो. बैलबाजार कुठं आणि सायबर सुरक्षा कुठं, असं ते हसणं होतं. आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

पुढे दसरा आला. खंडेनवमीला आमच्याकडे काटा, पोती शिवायच्या सुया, ट्रॅक्टर, सगळ्याची पूजा होते. यंदा मी सर्व्हरचीही मांडली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि हौसेनं फोटो काढून मिलच्या इंटरनेटवरच्या पानावर जगाला दाखवला. त्या फोटोत हाराच्या खाली, सर्व्हरला चिकटवलेली एक चिठ्ठी होती. आदल्याच दिवशी मी मुख्य पासवर्ड बदलला होता आणि विसरू नये म्हणून तो तिथं लिहून ठेवला होता. नायगावच्या भिंतीवरच्या पासवर्डवरून बोंबलणारा मीच तो!

चार दिवसांनी, सोयाबीनच्या ऐन आवकेत, दुपारी फोन आला. क्लाउड कंपनीतून बोलतोय म्हणाला. शुद्ध मराठी, गोड आवाज. “सर, तुमच्या खात्यात कुणीतरी शिरतंय. आत्ताच तुम्हाला कोड आला असेल. तो सांगा, आम्ही त्याला अडवतो.” खरोखरच मोबाईलवर ओटीपी येऊन पडला होता. डोळ्यांसमोर कंप्युटर खिडकीबाहेर जाताना दिसला, मागून मी. आणि मी आकडे सांगून मोकळा झालो.

“थँक यू सर. दुसरा कोड दुसऱ्या नंबरवर गेलाय. तोही लवकर घ्या.”

त्याचा फोन चालू ठेवून मी ऑफिसच्या फोनवरून मामांना गाठलं. “मामा, मोबाईलवर आकडे आलेत ना? सांगा पटकन.”

“न्हाई.”

“आले नाहीत?”

“आल्यात. सांगत न्हाई.”

“अहो मामा, मी बोलतोय!”

“आवाज तुमचाच हाय. पन हात कुठाय? देगलूरला या, देतो.”

माझं डोकं फिरलं. मी सगळ्या ऑफिससमोर ओरडलो, “अडाणी माणूस आहात तुम्ही! बैलं विकायचीच लायकी तुमची! तुमच्यापायी मिल बुडेल!” इकडे दुसऱ्या कानात तो गोड आवाज कडू झाला होता. “जल्दी करो ना, टाइम निकल रहा है!”

ते मामांनाही ऐकू गेलं असावं. शांतपणे म्हणाले, “कोन हाय त्यो? लईच घाई दिसायली. सायब, बाजारात ज्याला घाई, त्याचा बैल लंगडा असतोय.”

मी जागच्या जागी थिजलो. मग मोबाईल बंद केला. पासवर्ड बदलला, चिठ्ठी फाडली, फोटो काढून टाकला. तपासून पाहिलं. आत कुणीच शिरलेलं नव्हतं. पासवर्ड त्याला फोटोतून मिळाला होता, पहिली किल्ली चोराला मीच दिली होती, दुसरी देगलूरला अडून बसली होती.

लपवता आलं असतं. पण सगळ्या ऑफिसनं माझा आरडाओरडा ऐकला होता आणि दुसरं म्हणजे मला लपवायचं नव्हतं. मी अप्पांसमोर उभा राहिलो आणि हळदकुंकवापासून सगळं सांगितलं. अप्पा बराच वेळ कंप्युटरकडे बघत होते, मग खिडकीकडे.

“मामाला काय म्हनलास?”

मी सांगितलं.

“उद्या देगलूरला जा. ते शब्द परत घेऊन ये. तुझ्या नोकरीचं मग बघू.”

सकाळच्या बसनं मी उदगीरमार्गे देगलूरला पोचलो. वाटेत माफीची पाचसहा वाक्यं तयार केली होती. पण केंद्रावर ही गर्दी. शेतकरी, हमाल, तेलुगू बोलणारे आडते. मामा काट्याजवळ उभे. एवढ्या लोकांत मी उगाच काट्यावरचा आकडा वाचत उभा राहिलो. मामांनी माझ्याकडे पाहिलं, खांद्यावरची दस्ती काढून हातावर टाकली आणि म्हणाले, “हितं बोला.”

मी दस्तीखाली हात घातला. आकड्यांच्या खुणा असतात, माफीची कुठली हे मला ठाऊक नव्हतं. म्हणून मी त्यांचा अख्खा हात दोन्ही हातांत धरला. खरबरीत, कोरडा हात. सोडवेना.

“लेक कितवीला हाय तुमची?” मामांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

“तिसरीला,” मी कसंबसं म्हणालो.

त्यांनी एकदा घट्ट हात दाबला, दस्ती झटकून खांद्यावर टाकली आणि अप्पांना फोन लावला. “अप्पा, सौदा झाला.”

“कितीत?” अप्पांचा आवाज मला चार हातांवर ऐकू आला.

“दस्तीखालचं सांगत असतेत व्हय, अप्पा?”

अप्पा म्हणाले, “बरं. उद्या येळेवर ये म्हनाव त्याला.”

परतीच्या बसमध्ये उदगीर येईपर्यंत मला रडू आवरलं नाही. बायकोनं लाल डोळ्यांचं विचारलं, तेव्हा डोळ्यांत सोयाबीनची धूळ गेली असं सांगितलं.