मास्तरांची झाडलोट

सुरतेत, डिंडोलीला आमच्या शेजारी राहणारे मास्तर घर झाडायला घ्यायचे तेव्हा पँट घालून, शर्ट खोचून, केस पाण्यानं चापून बसवून तयार व्हायचे. मग कोपऱ्यातला झाडू उचलायचे. नव्यानं राहायला आलेल्या लोकांना वाटायचं, हे कामाला निघालेत. पाच मिनिटांनी तेच गृहस्थ वाकून उंबऱ्यावरची माती बाहेर लोटताना दिसायचे. मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "घरना कपडा घालात का बसी जावासं वाटस. ड्युटीना कपडा घालात का माणूस उभा ऱ्हास."

ते शाळेचे मास्तर नव्हते. कडोदऱ्याच्या एका कारखान्यात लूम, म्हणजे कापडाचे माग, दुरुस्त करायचे, आणि मशीन दुरुस्त करणाऱ्याला सुरतेत सगळे मास्तरच म्हणतात. धुळ्याकडून तरुणपणी आलेले. आमच्या घरात त्यांच्याशी मराठीत बोललं जायचं, ते उत्तर अहिराणीत द्यायचे, आणि कुणालाच त्यात काही वेगळं वाटत नसे.

त्यांची बायको, आमच्या काकू, होत्या तोवर त्यांनी झाडू कधी हातात धरला नव्हता. पिऊन झालेला कपसुद्धा जागेवरच राहायचा. काकूंचं घर लख्ख असायचं. सकाळी झाडलोट, मग पोता, म्हणजे फरशी पुसणं, आणि मंगळवारी पंखे. मुलगी रेखा लग्न होऊन नंदुरबारला गेली आणि त्यानंतर काकूंची किडनी गेली. मास्तरांनी काम सोडलं. रिक्षातून त्यांना डायलिसिसला नेणं, आणणं, औषधं देणं, एवढंच मग त्या घरात चालू राहिलं. काकू गेल्यावर तेही थांबलं.

आई माझ्या हाती डबा पाठवायची, म्हणून ते घर मी पाहिलं. दार अर्धं लोटलेलं. टीव्हीवर बोटानं नाव लिहिता यावं इतकी धूळ. खुर्चीवर कपड्यांचा ढीग, खिडकीत औषधांच्या रिकाम्या पट्ट्या, आणि काकूंच्या पलंगावर अजून ते आजारपणातलं प्लास्टिक. आईनं आमची कामवाली पाठवते म्हणून सांगितलं, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे वहिनी. कोन येस आठे?" इथे येतंय कोण! वर्षभर त्यांच्या तोंडी हेच असायचं.

मग रेखाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणून तिची सासू तिला घेऊन भेटायला आली. आई त्यांच्यासाठी पोहे घेऊन गेली, मी मागे चहा घेऊन. विहीणबाई खुर्चीच्या अगदी कडेला, पदर सावरून बसल्या होत्या. पाण्याच्या ग्लासाला आतून पांढरी रेघ होती. त्यांनी तो हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. रेखानं तो उचलला आणि पदरानं पुसत बसली. "व्याही, बाळंतपण आमच्याकडेच करू," विहीणबाई मऊ आवाजात म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं घर एकदम काढलं. भांडी, गाद्या, डबे, कपाटातले कपडे, सगळं मधल्या खोलीत आणून ठेवलं, आणि दुपारी त्या ढिगाला टेकून नुसते बसून राहिले. आई डोकावायला गेली तेव्हा त्यांना धड उठताही येत नव्हतं.

"भाऊ, ही काय दिवाळीची सफाई आहे?" आई म्हणाली. "वहिनी होत्या तेव्हा रोज थोडं थोडं करायच्या, म्हणून व्हायचं. आज फक्त गॅसचा ओटा पुसा. बाकी तसंच राहू द्या."

त्यांनी गॅसचा ओटा पुसला. दुसऱ्या दिवशी ओटा आणि बेसिन. त्याच सुमाराला तो खोचलेला शर्ट आला आणि नवं पालुपदही: "आज इतलंच. बाकीनं सकाय." बाकीचं उद्या. काही दिवस दार पुन्हा लोटलेलं असायचं, आतून काही आवाज यायचा नाही. मग एखाद्या सकाळी बादलीची कडी वाजायची.

काकूंच्या पलंगाला मात्र ते हात लावत नसत. पोता त्याच्या भोवतीनं फिरायचा. एका रविवारी मला हाक मारून म्हणाले, "जराखा टोक धर." आम्ही दोघांनी गादी गच्चीवर नेऊन उन्हात टाकली. खाली येऊन त्यांनी ते प्लास्टिक काढलं, साडीची घडी करावी तशी त्याची घडी केली आणि मला विचारलं, "फेकी देऊ?"

मी हो म्हटलं. त्यांनी ते दारामागे ठेवलं. "आज इतलंच," म्हणाले. दुसऱ्या दिवशी कचऱ्याची गाडी आली तेव्हा स्वतः नेऊन टाकलं.

सातव्या महिन्यात विहीणबाई पुन्हा आल्या. या वेळी नीट मागे टेकून बसल्या, पाणी प्यायल्या, स्वयंपाकघरात डोकावल्या. "घर छान ठेवलंय व्याही," त्या म्हणाल्या. "पण पोरीला कळा सुरू झाल्या, तर तुम्ही एकटे काय करणार? घरात बाई माणूस पाहिजे." त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मास्तरांनी मान हलवली. रेखाचं बाळंतपण नंदुरबारलाच झालं.

मला वाटलं, आता हे सगळं सुटणार. पण सकाळी बादली वाजलीच. न राहवून मी विचारलं, "काका, आता कुणासाठी?"

त्यांनी फडकं पिळलं. प्रश्नच कळला नसावा तसं माझ्याकडे पाहिलं. "घरमा मी ऱ्हास ना!"

नंतर रेखा बाळाला घेऊन दर सुट्टीत येऊ लागली. पोरगी त्या फरशीवर रांगायला शिकली, आणि मास्तर गुडघ्यांवर तिच्या मागे मागे. मी लग्न होऊन वडोदऱ्याला गेले. त्यांची खबर आईकडून फोनवर कळायची.

गेल्या थंडीत मास्तर गेले, झोपेतच. पुरुष मंडळी त्यांना घेऊन निघाली आणि रीतीप्रमाणे आम्ही बायका घर धुवायला उठलो. मधल्या खोलीत माणसांच्या पायांची माती होती, ती चार हातांनी लगेच निघाली. मग रेखानं पलंगाखाली पार भिंतीपर्यंत झाडू घातला आणि ओढून घेतला. काही आलं नाही. कपाटामागे घातला. तिथेही काही नाही. आईनं कोपऱ्यात पाणी सोडलं, ते होतं तसंच स्वच्छ उंबऱ्यावरून बाहेर गेलं.

रेखा झाडू हातात घेऊन उभी राहिली. "मावशी," ती आईला म्हणाली, "काही ठेवलंच नाही हो त्यांनी माझ्यासाठी."

आणि मग ती रडली.