शेवटी बोलणारे मामा

भोकरदन तालुक्यात आजवर जेवढी माणसं जन्मली, त्यांत माझ्या थोरल्या मामांइतका वेळ थांबू शकणारा माणूस झाला नाही, हे मी कुठल्याही सभेत उभी राहून सांगायला तयार आहे. हसनाबादेत बी-बियाणं आणि खताचं दुकान चालवणारे हे मामा प्रत्येक गोष्टीत शेवटी असत. पंगतीत शेवटी, न्हाव्याकडे शेवटी, एसटीत सगळ्यांची तिकिटं झाल्यावर शेवटी. कंडक्टर त्यांच्यापर्यंत येईस्तोवर कधी कधी भोकरदन आलेलं असे, आणि मामा उतरायचं सोडून तिकीट घेत बसत. फोनवर समोरचा माणूस सगळं बोलून, मग नुसतं ‘हॅलो, हॅलो’ करून, वैतागून फोन ठेवून द्यायचा, तेव्हा मामा घसा खाकरत. कारण साधं होतं. गावात कुठलीही बैठक बसली, सोयरिकीची असो की बांधाच्या भांडणाची, आधी पोरासोरांनी बोलायचं, मग मधल्यांनी, आणि सगळ्यांचं ऐकून झाल्यावर घरातल्या मोठ्या माणसाने एकच वाक्य बोलायचं. ते वाक्य बोलून झालं की बैठक संपली, लोक चपला शोधू लागत. आजोबा गेले तेव्हा हा मान मामांकडे तरुणपणीच आला आणि त्यांच्या हाडांत जाऊन बसला. मामी म्हणायची, "यांनी तोंड उघडंस्तोर माझ्या चहावर साय धरती."

अशा माणसाने नव्वदच्या दशकात, वयाच्या शेचाळिसाव्या वर्षी, एमबीए करायचं ठरवलं. झालं असं, की बियाण्याच्या कंपनीचा नवा विक्री अधिकारी दुकानात आला. नुकतंच मिसरूड फुटलेलं पोरगं. तो खूप वेळ बोलला आणि जाताना म्हणाला, "काका, हे मार्केटिंग आहे. या वयात तुम्हाला नाही कळायचं." मामांनी त्याला चहा पाजला, निरोप दिला आणि त्याची मोटारसायकल वळणाआड गेल्यावर दुकानात बसलेल्या माझ्याकडे बघून म्हणाले, "मंग शिकून घेऊ." बी.कॉम. त्यांनी जालन्याला केव्हाच केलं होतं. गावाने मात्र जाहीर करून टाकलं की या वयात माणूस नातवाला शाळेत घालतो, स्वतः जाऊन बसत नाही. मला तेवढंच हवं होतं. माझी अक्षरओळख वडिलांनी छापलेल्या पत्रकांवरून झालेली; अन्याय दिसला की माझा हात कोऱ्या कागदाकडे जायचा. औरंगाबादच्या एका कॉलेजच्या नियमांत वयाची अट नाही, हे मी शोधून काढलं. मामा लेखी परीक्षा पास झाले, गाव गप्प झालं, आणि मुलाखतीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले.

मुलाखत तर त्यांनी मारलीच. प्राध्यापकांनी विचारलं, इथे शिकवणारे बरेच जण तुमच्यापेक्षा लहान आहेत, चालेल का? मामा म्हणाले, "सर, आमच्या गावचा डॉक्टरबी माझ्यापेक्षा लहान हाय. म्हणून म्या आजारी पडायचं थांबलो न्हाई." बाहेरच्या व्हरांड्यापर्यंत हसू ऐकू आलं. मग गटचर्चा. विषय होता, कॉम्प्युटरमुळे नोकऱ्या जातील का. मी जाळीच्या खिडकीतून बघत होते. पोरं एकमेकांवर तुटून पडली होती आणि त्यांच्या मधोमध मामा हात मांडीवर ठेवून प्रत्येकाकडे बघून मान डोलावत बसले होते. एका मुलीला बोलायला मिळेना, तेव्हा त्यांनी नुसता हात वर करून बाकीच्यांना थांबवलं आणि तिला खुणेने बोलायला सांगितलं. शेवटी सगळे दमले, खोली शांत झाली, मामांनी टोपी नीट केली, घसा खाकरला, आणि घंटा वाजली.

निवड झाली नाही. मी त्याच रात्री पत्रक लिहिलं. वय बघून माणसाला दारातून परत पाठवणाऱ्यांना आम्ही जाब विचारू, असा त्याचा सूर होता. मामांनी ते नीट वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "पत्रक झ्याक झालंय, भाचीबाई. पण खरं न्हाई. गटचर्चेत कुणी माझं वय काढलंच न्हाई. म्याच संगं घेऊन गेल्तो."

पुढचं वर्षभर मी त्यांना आधी बोलायला शिकवलं. या विषयात माझ्याइतकी लायक शिक्षिका जिल्ह्यात नव्हती. मी जन्मल्याबरोबर बोलू लागले असणार. मामांनी सराव म्हणून पहिला प्रयोग जाफराबादला एका पुतणीच्या सोयरिकीत केला. सगळे टेकले न टेकले तोच मामा म्हणाले, "पोरगा चांगला हाय, आपल्याला पसंत हाय." मोठ्या माणसाचं बोलून झालं म्हणून दोन्हीकडची मंडळी उठली आणि चपला घालू लागली. मुलाच्या काकांनी हातातलं पोह्यांचं ताट खाली ठेवलं आणि तेही निघाले. मानपान, हुंडा, रुसवेफुगवे, कशावरच कुणाला बोलता आलं नाही. इतकं स्वच्छ लग्न आमच्या नात्यात दुसरं झालेलं नाही.

दुसऱ्या वर्षी गटचर्चेत मामा सगळ्यांत आधी बोलले, आणि मग सवयीने बाकीच्यांनाही बोलतं केलं. त्यांना प्रवेश मिळाला. दोन वर्षं ते औरंगाबादला खोली करून राहिले आणि दुकान मामीने चालवलं.

पदवी घेऊन आले तेव्हा घरी बैठक बसली. दुकान भोकरदनला हलवायचं, अशी मामांची योजना होती. ते आधीच बोलले, अगदी शिकवल्यासारखे, भाड्यापासून गिऱ्हाइकांपर्यंत. या वेळी कुणी उठलं नाही; माणसांना आता सवय झाली होती. त्यांच्या दोघा धाकट्या भावांनी होकार दिला. सगळ्यांचं बोलून झालं आणि तरीही सगळे मामांच्या तोंडाकडे बघत राहिले. शेवटच्या वाक्याची जागा रिकामी राहिली होती. मामांनी माझ्याकडे बघितलं. "बोल माय. शेवटचं तू बोल."

माझ्याकडे दहा मुद्दे तयार होते. पण मला जाळीच्या खिडकीतून बघितलेला तो वर झालेला हात आठवला. मी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत थांबले. मग एकेक करून सगळ्यांची तोंडं तिकडे वळली. चहाची भांडी घेऊन मामी उंबऱ्यात उभी होती. तिने भांडी खाली ठेवली, पदराला हात पुसले. कुणी घाई केली नाही.

"दुकान हितंच राहील," ती म्हणाली. "माणसं मला वळखून राह्यली आता."

लोक चपला शोधू लागले. मामा उठले ते सगळ्यांच्या मागून, पूर्वीसारखे. ओसरीवरची गर्दी पांगेपर्यंत ते थांबले, आणि मग चपलांच्या उरलेल्या एकुलत्या एका जोडात पाय घालून सावकाश मामीला म्हणाले, "चहा राह्यलाय का थोडा?"