सोल्युशन ओले असताना

"मोर्चाच्या दिवशी आमच्या चाळीतला एकच पुरुष घरी राहिला. आतून कडी लावून तो रबर चिकटवत बसला होता." घोडपदेवच्या आमच्या चाळीच्या स्मरणिकेत छापलेले हे वाक्य माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांविषयी आहे. ज्याने ते लिहिले तो त्या दिवशी पाळण्यात होता. मी मोर्चात होतो. तेव्हा संयुक्त महाराष्ट्राच्या त्या दिवसाबद्दल मला कोणी शिकवू नये.

आमच्या भावोजींइतका हात जपणारा माणूस उभ्या मुंबईत झाला नाही. गवयाने गळा जपावा तशी ते बोटे जपत. तळमजल्यावरच्या खोलीत ते हत्यारांच्या बेकलाइटच्या, म्हणजे कडक काळ्या प्लास्टिकच्या, मुठींवर साच्यातून काढलेले रबर चिकटवून देत. मूठ पॉलिश पेपरने खरवडायची, पेट्रोलच्या फडक्याने पुसायची आणि त्यानंतर तिला बोट लावायचे नाही. बोटाचा तेलकटपणा लागला की जोड सुटलाच. या एका नियमावर त्यांनी सगळा संसार बेतला होता. डोक्याला तेल नाही, त्यामुळे केस कायम भांडायला उठल्यासारखे उभे. "अहो, निदान दिवाळीला तरी थेंबभर लावा," ताई म्हणे. "दिवाळीनंतर लगेच ऑर्डर आहे," हे त्यांचे उत्तर. भजी ते चमच्याने खात. स्वतःच्या लग्नात हातांना हळद लागताच त्यांनी मांडवातच पेट्रोल मागितले, तेव्हा जावई पेटवून घेतो आहे असे वाटून आमच्या आईला भोवळ आली होती.

माणसेही ते याच मापाने मोजत. "दोघांतला एक मऊ हवा, तरच जोड टिकतो," असे सांगून ते मला म्हणत, "तू बेकलाइट आहेस रे. तडकशील, पण वाकणार नाहीस." मला ती स्तुती वाटे.

सोल्युशनचे, म्हणजे रबर चिकटवायच्या पातळ गोंदाचे, दोन हात मारले की ते सुकेपर्यंत वीस मिनिटे दार बंद. गिरण्यांतल्या कापसाचे तंतू हवेत असत, आणि दार किलकिले झाले तरी ते ओल्या सोल्युशनवर येऊन बसत. त्या वेळात कोणी हाक मारली की भावोजी आतून ओरडत, "आता उघडता येणार नाही!" चाळीतली पोरेसुद्धा त्यांची नक्कल करीत.

मोर्चाच्या सकाळी ते मला म्हणाले, "एवढा शेवटचा हात सुकू दे, मग निघू. तोवर तू झेंडा घेऊन ये." थोड्याच वेळात चाळकरी त्यांच्या खिडकीखाली जमले. "येताय ना?" आतून उत्तर आले, "आता उघडता येणार नाही!" सगळे हसले आणि निघून गेले.

संध्याकाळी मी परतलो तो लोकांच्या खांद्यावर. कपाळावर लाठीची खोक, गळ्यात हार. त्याच लोकांनी भावोजींच्या खिडकीच्या गजांतून बांगड्या फेकल्या. "भरा आता हातात!" कोणीतरी ओरडले. ताई जिन्यात उभी होती. भावोजींनी एक शब्द उच्चारला असता तर तो हार माझ्या गळ्यात राहिला नसता.

त्यांच्या खोलीचे एकुलते एक दार मागच्या घरगल्लीत होते; तिकडून मी आत गेलो. ते काचा गोळा करीत होते. "आजचा जोड झकास बसलाय," ते म्हणाले.

"भावोजी, चूक माझी आहे. मी आत्ता जाऊन सांगतो."

"अरे, हार बघ गळ्यातला. सोल्युशन ओले असताना हात लावू नये. सुकले की सांग."

हार दोन दिवसांत सुकला. मी सांगितले नाही. पुढे दर एक मे रोजी मी व्यासपीठावर बसत आलो. भावोजी मागच्या रांगेत, केस उभे, टाळ्या वाजवीत. ते गेले तेव्हा खांदा द्यायला चाळीतून मोजून तिघे आले. ताईने मला एकदाही काही विचारले नाही, आणि तेच मला सर्वांत जड गेले.

म्हणून स्मरणिकेच्या विद्वान संपादकांना एवढेच कळवतो. त्या दाराला आतून कडी नव्हती. सोल्युशन सुकण्याआधी कोणी दार ढकलू नये म्हणून भावोजी मला बाहेरून कुलूप लावायला सांगत. त्या सकाळीही मी ते लावले, झेंडा आणायला गेलो, घोषणा कानी पडल्या आणि गर्दीबरोबर तसाच पुढे गेलो. संध्याकाळपर्यंत किल्ली माझ्या खिशात होती.