राहुकाळातला फोन

मदतीच्या भरात त्रिविक्रमने भार्गवीमामींचं घर चालवणारं खातंच बंद पाडलं. पुण्याहून येऊन मामींच्याच शहरात, सर्जापूर रोडवर स्थिरावलेला हा भाचा धावून आला की काहीतरी मोडतंच, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. या वेळी त्याने वासुदेवमामांच्या मृत्यूचा दाखला मामींना न विचारता शेअर ब्रोकरला मेल केला. खातं गोठलं. घरखर्चाचे पैसे तिथूनच निघायचे.

"पण सर," ब्रोकरच्या ऑफिसातला योगीराज फोनवर चाचरला, "वासुदेव सर शुक्रवारीच माझ्याशी बोललेत."

"अहो, मामा जाऊन चार महिने झाले!"

"आवाज तोच होता. आधी खाकरले. बाजार पडला होता, तर म्हणाले, 'स्वल्प घे, घाई नको.' नेहमीसारखा राहुकाळातच फोन."

त्रिविक्रमला जुने दिवस आठवले. अख्खी गल्ली राहुकाळ अशुभ म्हणून हात आखडून बसते, तेव्हा मामांच्या घरातून खरेदीचा फोन जायचा. मामांचा कारखाना बंद पडला, मुलीचं, सुखदाचं लग्न निघालं, मामांचं ऑपरेशन झालं. दर वेळी मामांच्या खोलीचं दार लागायचं, आतून तो घोगरा आवाज यायचा आणि संसार तरून जायचा.

पुढच्या शुक्रवारी राहुकाळ लागता लागता तो बनशंकरीला मामींच्या घरी पोचला. मनाशी ठरलं होतं: सगळं विकायचं, मामींना आपल्याकडे न्यायचं. बाहेर लख्ख ऊन होतं, भाजीवाला ओरडत होता. घरात मात्र गारठा. खोलीचं दार बंद. आत कुणीतरी खाकरलं, घशात खडे घोळवल्यासारखं.

"बंद केलंय? कुणी, त्रिविक्रमने? हं. त्याला सगळं स्वल्प उशिराच कळतं."

त्रिविक्रमने आवाज ओळखला: मामाच! रामरक्षा म्हणायला गेला, तर ऑफिसचे पासवर्डच आठवू लागले. शेवटी डोळे मिटून त्याने दार ढकललं.

मामांची खुर्ची रिकामी होती. हार घातलेल्या फोटोकडे तोंड करून मामी एकट्याच उभ्या होत्या. त्यांनी फोन ठेवला.

"ये रे," त्या आपल्या नेहमीच्या बारीक आवाजात म्हणाल्या. "उपाशीच आलास ना?"

"मामी, सगळं विकून टाकू. तुम्ही माझ्याकडे चला. बाजाराचं तुम्हाला एकटीला कसं झेपणार?"

"सरी, बरं, ऐकून घेतलं. आता खातं माझ्या नावावर करायची कागदपत्रं आण. विकायचं काही नाही. आणि मी इथनं हलणार नाही."

हे वाक्य सुरू झालं मामींच्या आवाजात. शेवटचं 'नाही' मामांच्या घोगऱ्या आवाजात होतं. फोटोतले मामा, जिवंतपणी बसायचे तसेच, गप्प ऐकत होते. इतक्या वर्षांत बंद दाराआड आपण कधी डोकावलोच नाही, हे त्रिविक्रमच्या आत्ता ध्यानात आलं. 

"मामी... मामा होते, तेव्हा या खोलीतून फोनवर कोण बोलायचं?"

"मीच की."