पोटावरच्या पट्ट्यांची गोष्ट

माझ्या साडूने माझा साप बदलला. मी माझा किंगस्नेक नांदेडहून लातूरला नेऊन त्याच्याकडे सांभाळायला दिला आणि परत घेतला तेव्हा पेटीत दुसराच साप होता. यात गैरसमज वगैरे काही नाही. त्याने मला फसवलं.

किंगस्नेक हा परदेशी, बिनविषारी साप. काळ्या अंगावर पांढरे पट्टे. पुण्याच्या एका पैदास करणाऱ्याकडून मी तो रीतसर नोंदणी करून आणला, तेव्हा करंगळीएवढा होता. लोक हसले. गुरांचा व्यापारी आणि साप पाळतो म्हणे. हसू देत. देवणीच्या बाजारात दुसऱ्यांच्या बैलांची दावी धरून उभा राहायचो, तिथून मी वर आलोय. माझा स्वभाव तापट. सौदा फिसकटला की घरी येऊन भांडी आपटायचो. साप मनगटावर असला आणि हात थरथरला, की तो आवळून धरायचा आणि मला गप्प बसावं लागायचं. बायको म्हणायची, "आमच्या बापानंतर हा एकच, ज्याच्यापुढं तुमचा आवाज चढत न्हाई."

मागच्या उन्हाळ्यात माझं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. सापाला उंदीर भरवायला घरात कुणी तयार नव्हतं. साडूचं लातूरला मासे आणि पक्ष्यांचं दुकान आहे, जीव सांभाळणं हा त्याचा धंदाच. म्हणून पेटी त्याच्याकडे नेली. सासरे उदगीरहून तिथे आले होते, त्यांच्यादेखत दिली.

देताना मी एक गोष्ट केली, जी गुरांच्या बाजारातला माणूसच करेल. आमच्यात जनावर दुसऱ्याच्या हाती देताना खुणा बोलायची रीत आहे. दावं सोपवण्याआधी चारचौघांत मोठ्याने सांगायचं, कपाळावर चांद, डावा कान फाटका, शेपटीचा गोंडा काळा. घेणाऱ्याने तेच परत म्हणायचं. पुढे वाद झालाच तर बोललेल्या खुणांवर निवाडा होतो, न बोललेली खूण कुणी ऐकत नाही. मी सापाच्याही खुणा बोललो. नाकावर पांढरा डाग, त्यात काळा ठिपका. मानेवरचा पहिला पट्टा डाव्या अंगाला तुटलेला. शेपटीचं टोक काळं. साडूने शब्दन् शब्द परत म्हटला. सासरे मान हलवत होते.

टाके सुकल्यावर मी लातूरला गेलो. पेटीत साप होता. नाकावरचा डाग जागेवर, ठिपका जागेवर, मान आणि शेपूटही तशीच. हातात घेतला तर त्याने अंग झटकलं आणि माझ्या सदऱ्यावर घाण केली. माझा साप पिल्लू होता तेव्हापासून असं कधी वागला नव्हता.

साडू हसला. "उन्हाळा हाय साडूभाऊ. माणसं चिडून राहिली, साप चिडला तर काय नवल?"

नांदेडला आणून पेटी जागेवर ठेवली. संध्याकाळी तो पेटीच्या काचेवर चढला आणि मला त्याचं पोट दिसलं. माझा साप रोज असाच चढायचा. त्याच्या गळ्याखालचे दोन काळे पट्टे मधोमध एका बारीक रेघेने जोडलेले होते, दोरीला दोरी बांधावी तसे. त्यांच्या खालच्या पट्ट्यात एक पांढरी चौकट होती, खिडकीसारखी. या सापाचं पोट साधं होतं. पट्टे सुटे सुटे, रेघ नाही, खिडकी नाही.

दुसऱ्या दिवशी मी पेटी घेऊन पुन्हा लातूर गाठलं.

"कात टाकली की साप बदलतो साडूभाऊ," तो म्हणाला.

"कातीनं रंग उजळतो. पट्टे जागा सोडत न्हाईत."

"लई अभ्यास केला तुम्ही सापाचा. खुणा तर जुळतात ना?"

मी त्याची कॉलर धरली. पिंजऱ्यातले पक्षी फडफडायला लागले. मेहुणी आतून आली आणि पदर तोंडाला लावून उभी राहिली. तिच्या मागे ती खोली दिसत होती, जिथे माझा साप ठेवला होता. वर पत्रे, खिडकी नाही. कूलर पुढे दुकानात, पक्ष्यांसाठी. मी आत जाऊन भिंतीला हात लावला आणि चटका बसताच काढून घेतला.

सासऱ्यांना बोलावलं. ते जुने गुरांचे दलाल. खुणा बोलायची रीत मी त्यांच्याकडूनच शिकलो. त्यांनी साप पाहिला, माझं सगळं ऐकलं.

"जावईबापू, पोटाची खूण बोलला होता का तुम्ही?"

"न्हाई."

"मी इथंच बसलो होतो. तीन खुणा ऐकल्या. तिन्ही जागेवर हायत."

"मामा, बैलाचं पोट कुणी बोलतं का?"

"बैल पोटावर चालत न्हाई. साप चालतो. बोलायला पायजे होतं."

मी पेटीचं झाकण लावलं. याच नियमावर मी बाजारात कितीतरी माणसांना रिकाम्या हाताने घरी पाठवलं आहे. साडूने चहा मागवला. मी न पिता निघालो.

हा दुसरा साप आता माझ्याकडे आहे. त्याचा काही दोष नाही, त्याला वेळेवर उंदीर मिळतो. मनगटावर मात्र मी त्याला घेत नाही. एकाच वेतातली भावंडं एकमेकांसारखी दिसतात हे मला ठाऊक आहे. पुण्याच्या त्या पैदास करणाऱ्याकडे त्यांतून नेमक्या या तीन खुणांचा साप शोधायला साडूला कष्ट पडले नसतील. काय शोधायचं ते मीच त्याला तोंडपाठ करून दिलं होतं.

निवाडा मी मानतो. पण त्या दिवशी सगळ्यांनी प्रश्न मलाच विचारले, साडूला एकही नाही. आणि त्याचं बोलणं आठवून पाहिलं तर "हा तुमचाच साप" असं तो एकदाही म्हणालेला नाही. उन्हाळा आहे म्हणाला, कात टाकली की साप बदलतो म्हणाला, खुणा जुळतात म्हणाला.

तेव्हा साडूभाऊ, सासऱ्यांसमोर माझ्या तोंडाकडे बघून सांगा. पत्र्याखाली तो मेला का? मेला असेल तर कुठे टाकलात? विकला असेल तर कुणाच्या घरी आहे? बदली साप मी मागितला नव्हता. माझा कुठे आहे, ते बोला.