चपलांचा ढीग

मुळशी धरणाच्या पाण्याकडे उतरणाऱ्या एका शेताच्या कडेला मी एक वाट केली होती. साधीसुधी नव्हे हं! आधी भाताचं तूस, मग मऊ पेंढा, ओढ्यातले गोटे, सागाचा पाचोळा आणि शेवटी घोटे बुडतील असा खाचरातला गार चिखल. आईबापांनी मुलांबरोबर अनवाणी चालायचं, एवढीच कल्पना. पण तिनं मला असं झपाटलं होतं की पुण्याजवळ सूस गावातल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत तूस नि गोटे पसरून मी रोज नवऱ्याला त्यावरून चालवत होते. तो बिचारा ऑफिसचा कॉल कानाला लावून चालायचा.

सोसायट्यांच्या लॉबीत कारंजी नि प्लास्टिकची झाडं बसवण्याची नोकरी सोडून मी स्वतः घेतलेलं हे पहिलंच काम. शेताच्या मालकांनी घरामागे पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या होत्या. माणूस सरळ, पण फटकळ. वाट बघून म्हणाले, "ताई, मानसं हितं चिखलात पाय घालाय येत्यात व्हय? ऐतवारी बघू. कुनी चाललं न्हाई, तर सोमवारी पेव्हर ब्लॉक टाकतो. फोटोसाठी भिंतीवर पंख बी रंगवून घिऊ." ब्लॉकचा ट्रक सांगूनही झाला होता!

रविवारी दिवाळीनंतरचं कोवळं ऊन पडलं होतं आणि गाड्यांवर गाड्या येत होत्या. लोक काय करत होते? 'कृपया चप्पल काढा' ही माझी सुरेख पाटी वाचत होते, तिच्याबरोबर फोटो काढत होते आणि बुटांसकट दोन पावलं टाकून मिसळ खायला पळत होते. एका आईनं तर "पाय घाण होतील!" म्हणत मुलीला कडेवरच घेतलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. विस्कटलेलं तूस सारखं करायला मी वाटेच्या तोंडाशी चपला काढल्या आणि तरातरा आत गेले.

मान वर केली तर एक गृहस्थ माझ्या चपलांपाशी थबकलेले. पाटीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. चपलांकडे पाहिलं, बूट काढले आणि मागे वळून हुकूम सोडला, "चपला काढा रे सगळ्यांनी, आत काहीतरी आहे." अख्खं कुटुंब अनवाणी आत! त्यांच्यातल्या आजींनी पदर सारखा करत मला विचारलं, "देव कुठे आहे गं?"

"पुढे, आजी. चालत राहा," मी म्हणाले. ते खोटं होतं असं मला अजूनही वाटत नाही.

अहो, मला तेव्हा नाचावंसं वाटलं! आपल्याकडे पाटीला विचारतो कोण? पण दाराशी काढलेल्या चपला दिसल्या की आपले पाय आपोआप थांबतात. मी धावत जाऊन पाटी उपटली, मदतीला आलेल्या नवऱ्याचे बूट त्याच्या पायातून ओढून तिथे मांडले, गाडीतल्या जुन्या सपाताही आणल्या. पुढची मंडळी आली, थबकली, वाकली. ढीग वाढला तशी गर्दी वाढली. चिखलातून किंचाळ्या नि हसणं ऐकू येऊ लागलं. 'पाय घाण होतील'वाली आई जीन्स दुमडून लेकीला खेकड्याचं बीळ दाखवत होती.

उन्हं कलली तरी मालकांचा पत्ता नव्हता. माझा जीव टांगणीला लागला होता. अखेर आले, पांढरे बूट घालून, फोनवर कुणालातरी खोल्यांचं बुकिंग सांगत. ढिगापाशी आल्यावर त्यांनी बोलता बोलताच पायानं पायातले बूट काढले आणि आत शिरले. चिखलात पाऊल पडलं तेव्हा त्यांचं बोलणं थांबलं. खोल्या बांधल्यापासून त्यांनी भाताचं खाचर दुसऱ्याला कसायला दिलं होतं. फोन त्यांनी खिशात टाकला.

"त्योच गारवा हाय की," चिखलात पायाची बोटं हलवत ते म्हणाले. "इसरलोच हुतो मी."

ते परत आले तेव्हा मी ढिगात माझ्या चपला शोधत होते. गायब! कुणीतरी खुशाल घालून गेलं होतं.

मालक खदखदून हसले. "देवळात हुतंय तसंच झालं की! इडापिडा गेली म्हना." मग त्यांनी तिथूनच फोन लावला. "उद्या ट्रक नगं धाडू. आन् सुताराला सांग, हितं एक लांब फळी पायजे, चपला ठिवायला."